शाळेतली लेकरं, आयोडीन अन् घरातलं मीठ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात आशा म्हणून काम करते. मिठात आयोडीन आहे का ते तपासायची किट घेऊन घरोघरी फिरते तेव्हा तेच तेच प्रश्न येतात, कोणी अंगणात विचारते, कोणी चुलीपाशी, कोणी बोअरवर पाण्याच्या लाइनीत. ज्यांची लेकरं शाळेत जातात त्यांच्यासाठी ते सगळे इथं लिहून काढले. प्रश्न लोकांनी जसे विचारले तसेच ठेवलेत.

आयोडीन म्हणजे काय असते, अन् पोट्ट्याच्या अंगात ते करते काय?

गळ्यात पुढच्या बाजूनं, कंठमण्याच्या जरा खाली, फुलपाखरासारखी एक ग्रंथी असते, थायरॉइड. ही ग्रंथी जे हार्मोन बनवते त्याच्यावर लेकराची वाढ, हाडं, डोक्याचं काम, अंगातली ऊब, पोट साफ होणं सगळं चालतं. अन् ते हार्मोन आयोडीनशिवाय बनतच नाही. आयोडीन अंगात तयार होत नाही, बाहेरूनच खाण्यातून यावं लागतं. मोठ्या माणसाच्या अंगात सगळं मिळून १५ ते २० मिलिग्रॅम आयोडीन असतं, त्यातलं बरंचसं या एका ग्रंथीत.

रोज किती लागते?

जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब असा आहे: ६ ते १२ वर्षांच्या लेकराला रोज १२० मायक्रोग्रॅम, १२ च्या वरच्या मुलामुलींना अन् मोठ्यांना १५०, गरोदर अन् अंगावर पाजणाऱ्या बाईला २५०. मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग. साठ-सत्तर वर्षांचं सगळं आयोडीन गोळा केलं तरी एक लहान चमचा भरत नाही, इतकं ते कमी लागतं. पण एकदम खाऊन वर्षभर भागत नाही, थोडं थोडं रोजच पोटात गेलं पाहिजे, म्हणून तर ते मिठात टाकतात, कारण मीठ गरिबाच्याही घरी रोज लागते अन् श्रीमंताच्याही.

मंग आपल्या ज्वारी-तुरीत, भाजीत नसते का ते?

असतं, पण मातीत जेवढं असेल तेवढंच. निसर्गातलं आयोडीन जास्त करून समुद्रात आहे, अन् जमिनीत जे आहे ते पावसापुरानं माती धुपून वाहून जात राहते. आपण समुद्रापासून किती दूर आहोत ते पहा, समुद्राची मासोळी आपल्या ताटात येते ती बाजारातल्या सुकट-बोंबलाच्या रूपानं, तीही ज्यांच्या घरी चालते त्यांच्याच. भंडारा-गोंदियाकडं तलावाची मासोळी भरपूर खातात, ती चांगलीच, पण समुद्राच्या मासोळीइतकं आयोडीन तिच्यात नसतं. दूध, दही, अंडं यातून थोडं मिळते. वरण-भाकर, भाजी, ठेचा एवढ्यावर असलेल्या लेकराचं आयोडीन म्हणजे जवळपास सगळं मिठातलंच असं धरून चाला. पूर्वी आयोडीन कमी पडून गळा सुजणं, म्हणजे गलगंड, हा हिमालयाच्या पायथ्याकडच्या लोकांचा आजार समजायचे, नंतर पाहणी करत गेले तर देशातलं एकही राज्य यातून सुटलेलं नाही असं निघालं.

आमच्या माहेरी खारपाणपट्टा आहे, पाणीच खारं. मंग तिकडं तर आयोडीन मिळतच असन ना?

नाही हो. हा समज अकोला, बुलढाणा, अमरावतीकडच्या पूर्णेच्या पट्ट्यातल्या बऱ्याच जणींचा आहे. पाणी खारं आहे ते त्यातल्या क्षारांमुळं, खारटपणा म्हणजे आयोडीन नाही. समुद्राच्या पाण्यापासून बनवलेल्या साध्या मिठातसुद्धा आयोडीन नावापुरतंच उरते, ते वेगळं टाकावं लागते. आमच्याकडं यवतमाळ-चंद्रपूरकडं अजून एक घोळ होतो, इथल्या काही बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, त्यानं लेकरांचे दात पिवळे-तपकिरी होतात, तर लोक त्यालाच आयोडीन समजतात. ते वेगळं, हे वेगळं. फ्लोराइड पाण्यातून जास्त झाल्यानं त्रास होतो अन् आयोडीन कमी पडल्यानं.

आम्ही खडा मीठच वापरतो, धुऊन घेतो. त्यात काय चुकलं?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटते म्हणून जरा सविस्तर सांगते.

आमच्या गावात एका काकूच्या घरी गेली होती. घर एकदम स्वच्छ, चूल सारवलेली, भांडे लखलखीत. नातू चौथीत. मीठ मागितलं तर चिनीमातीच्या बरणीतून काढून दिलं. किटमधल्या पांढऱ्या कपात घेतलं, वरून थेंब टाकला, काही नाही, पांढरं ते पांढरंच. दुसऱ्या बाटलीतलं टाकून परत पाहिलं, तरी काही नाही. काकू म्हणे, "ताई, मी तर आयोडीनवालं पाहूनच आणते, पिशवीवर लिहून आहे." पिशवी आणली, खरंच लिहून होतं, जाडं मीठच पण आयोडीनवालं. मग पिशवीतलेच दोन खडे कुटून घेतले, थेंब टाकला अन् लगेच जांभळं झालं. तेव्हा कळलं, काकू आणल्याबरोबर मीठ दोन पाण्यानं धुते, माती-कचरा जावा म्हणून, मग उन्हात सुपात वाळवते अन् बरणीत भरते. खड्या मिठावर आयोडीन वरून फवारलेलं असते, ते पहिल्याच पाण्यात निघून जाते. काकूनं पैसे देऊन आणलेलं आयोडीन दर वेळी मोरीत जात होतं, अन् तेही नातवाच्या काळजीपोटी, स्वच्छतेसाठी. त्या दिवशी ती बरणी हातात घेऊन किती तरी वेळ तशीच बसून होती.

म्हणून सांगते, मीठ धुवायचं नाही. कचरा दिसत असेल तर ते मीठ घ्यायचंच नाही, बारीक पाकीटबंद घ्या. अन् आठवडी बाजारात पोत्यातून मापानं जे सुटं जाडं मीठ मिळते, ज्याच्यावर काहीच लिहून नसते, ते स्वयंपाकात वापरू नका. ते पोतं उघड्यावर, कधी पावसात, कधी उन्हात पडून असते, त्यात कधी काळी आयोडीन टाकलं असलं तरी ते राहील याचा भरवसा नाही.

अन् ढोरांसाठी आणलेलं मीठ?

ते गोठ्यातच राहू द्या. मीठ संपलं म्हणून त्यातलंच मूठभर वरणात टाकायचं, हे बऱ्याच घरी चालते, पण माणसाच्या खाण्याच्या मिठाचा नियम त्या मिठाला नसतो.

पाकिटावर काय पाहायचं?

"आयोडीनयुक्त मीठ" असं लिहून पाहिजे, बऱ्याच पाकिटांवर हसऱ्या सूर्याचं चित्र असते, ज्यांना वाचता येत नाही त्यांना मी तेच ओळखायला सांगते. एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्न सुरक्षा खात्याचा, नंबर अन् पॅकिंगची तारीख पहा, जितकं ताजं तितकं बरं. नियमानं कारखान्यात मिठात कमीत कमी ३० पीपीएम आयोडीन पाहिजे अन् दुकानातून तुमच्या घरात येईपर्यंत कमीत कमी १५ पीपीएम. १५ पीपीएम म्हणजे एका ग्रॅम मिठात १५ मायक्रोग्रॅम.

आता हिशोब करा. लेकरू दिवसाचं ५ ग्रॅम मीठ खाते असं धरलं, म्हणजे सपाट लहान चमचाभर, तर १५ पीपीएमच्या मिठातून त्याला ७५ मायक्रोग्रॅमच मिळाले अन् लागतात १२०. त्यातलंही काही शिजवताना जाते. ३० च्या जवळचं मीठ असेल तर १५० पर्यंत मिळते, म्हणजे आरामात भागते. कारखान्यातून निघताना ३० असलेलं मीठ घरात आल्यावर १५ च्याही खाली जाऊ द्यायचं नाही, हे काम आपल्या हातात आहे, सरकारच्याही नाही अन् कंपनीच्याही नाही.

मंग मीठ ठेवायचं कुठं?

झाकणाच्या कोरड्या डब्यात, काचेची किंवा प्लास्टिकची घट्ट झाकणाची बरणी चालते. चुलीच्या किंवा गॅसच्या अगदी जवळ नको, खिडकीतल्या उन्हात नको, ओला चमचा नको. आपल्याकडं पावसाळ्यात मिठाला पाणी सुटते अन् बायका ते पाणी निथळून टाकतात, त्या पाण्याबरोबर आयोडीनही जाते. पाकीट फोडून तसंच कोनाड्यात ठेवू नका. अन् वर्षाचं मीठ एकदम भरून ठेवायची जुनी सवय आहे आपली, तिखट-हळदीसारखी, मिठाचं तसं करू नका, महिन्या-दोन महिन्याचंच आणा.

भाजीत मीठ सुरवातीला टाकायचं की शेवटी?

शेवटी टाकलेलं बरं. जास्त वेळ उकळलं की आयोडीन काही प्रमाणात उडून जाते. वरणात शिजताना टाकायची सवय असेल तर फार जिवाला लावून घेऊ नका, पण जिथं जमते तिथं उतरवताना टाका.

आयोडीनच्या मिठानं लोणचं काळं पडते म्हणतात.

नाही पडत. ना चव बदलते, ना रंग. लोणचं बिघडते ते ओल्या हातानं अन् कमी तेलानं.

आमच्या आजोबानं जन्मभर साधं खडा मीठ खाल्लं, त्यांना तर काही झालं नाही. हा कंपन्यांचा धंदा तर नाही ना?

हे विचारणाऱ्याचा मला राग येत नाही, कारण महाग वस्तू गळ्यात मारणारे आपण पाहिलेच आहेत. पण ही गोष्ट कंपन्यांनी काढलेली नाही. हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात १९५६ साली डॉ. व्ही. रामलिंगस्वामी अन् त्यांच्या सोबत्यांनी काम सुरू केलं. तिथं शाळेतल्या दहा लेकरांमध्ये चारेक लेकरांचा गळा सुजलेला होता. त्यांनी खोऱ्याचे तीन भाग केले, दोन भागांना आयोडीन टाकलेलं मीठ दिलं अन् एका भागाला साधं. सहा वर्षांनी पाहिलं तर आयोडीनवाल्या दोन भागांत गळे सुजलेल्या लेकरांचं प्रमाण निम्म्यावर आलं होतं, साध्या मिठाच्या भागात जसंच्या तसं. त्यानंतर १९६२ मध्ये देशाचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, १९९२ मध्ये त्याचं नाव बदलून आयोडीन कमतरता विकार नियंत्रण कार्यक्रम केलं, कारण नुसता गळाच सुजत नाही, डोक्यावर अन् वाढीवर परिणाम होतो हे तोवर कळलं होतं. मधे २००० साली साध्या मिठावरची बंदी उठवली होती, ती २००६ मध्ये परत आणली. आता माणसाच्या थेट खाण्यासाठी बिनआयोडीनचं मीठ विकता येत नाही.

अन् आजोबाचं म्हणाल तर, काही झालं नाही असं आपल्याला वाटते, कारण कमी आयोडीनचा त्रास बहुतेक वेळा दिसतच नाही. पाय मोडला तर दिसते. लेकरू जरा मंद राहिलं, चार गोष्टी उशिरा शिकलं, तर आपण म्हणतो, असंच आहे ते पोट्टं.

माह्या पोराचं अभ्यासात लक्ष लागत नाही. आयोडीन कमी असन का?

असू शकते, पण फक्त तेवढ्यावरून सांगता येत नाही, अन् कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. खूप कमी आयोडीनच्या भागातली लेकरं अन् पुरेसं आयोडीन मिळणारी लेकरं यांची तुलना केलेले बरेच अभ्यास एकत्र पाहिले तर बुद्ध्यांकात सरासरी १२-१३ गुणांचा फरक निघाला आहे. हे सगळ्या गटाचं झालं, एकट्या तुमच्या पोराचं नाही. त्यातला मोठा भाग आईच्या पोटात असतानाच ठरतो, तो नंतर पूर्ण भरून निघत नाही. पण शाळेच्या वयातही काहीच होत नाही असं समजू नका. अल्बानिया देशात १० ते १२ वर्षांच्या, आयोडीन कमी असलेल्या लेकरांना आयोडीन देऊन पाहिलं, तर सहा महिन्यांच्या आतच काही चाचण्यांत, म्हणजे पाहून कोडं सोडवणं, हाताचं बारीक काम, यात ती पुढं गेली. म्हणजे दहा वर्षांच्या लेकरालाही उशीर झालेला नसतो.

पण आपल्या भागात अजून दोन गोष्टी आधी पहा. एक, रक्त. अंगात लोह कमी असेल तर थायरॉइडला आयोडीन नीट वापरताच येत नाही, म्हणजे मीठ चांगलं असूनही उपयोग कमी होतो. आपल्याकडं सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार, तोही आहे, लेकरू लवकर थकते, हातपाय दुखतात म्हणते, डोळे पिवळसर दिसतात, तर सिकलसेलची तपासणी केलीच पाहिजे, ती पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, होते. दुसरं, डोळे अन् कान. आमच्याच शाळेत एक पोरगी "मंद" म्हणून मागच्या बाकावर बसायची, तिला फळाच दिसत नव्हता. चष्मा लागला अन् सहा महिन्यात पोरगी बदलली. त्यामुळं सगळं मिठावर ढकलू नका, पण मीठही विसरू नका.

गळा सुजला का नाही हे घरी कसं पाहायचं?

लेकराला उजेडात समोर उभं करा, मान सरळ. आधी नुसतं पहा, गळ्याच्या खालच्या अर्ध्या भागात फुगवटा दिसतो का. मग मान जरा मागं करायला सांगा अन् एक घोट पाणी गिळायला लावा. थायरॉइडची गाठ असेल तर गिळताना ती वर-खाली होते. मान सरळ असतानाच दिसत असेल तर तो गलगंड, आपल्याकडं काहीजण घेंगा म्हणतात. नुसता हाताला लागतो पण दिसत नाही असाही असतो, तो सिस्टर किंवा डॉक्टरच ओळखतील, तुम्ही गळा दाबत बसू नका.

दिसला तर घाबरायचं नाही अन् बसूनही राहायचं नाही, पीएचसीत न्या. शाळेत वर्षातून एकदा आरबीएसकेची, म्हणजे लेकरांच्या सरकारी आरोग्य तपासणीची, गाडी येते, ते लेकरांचा गळा पाहतात, त्या दिवशी लेकराला शाळेत पाठवाच. बरेच जण नेमकं त्या दिवशी कापसाच्या वेचणीला किंवा लग्नाला नेतात. गाठ घट्ट लागत असेल, एकाच बाजूला असेल, लवकर वाढत असेल, गिळायला किंवा श्वासाला त्रास होत असेल तर वाट पाहू नका. ताईत, दोरा, लेप यानं गाठ बसत नाही, अन् त्यात जे महिने जातात ते लेकराचे जातात.

पोरगी वयात येतानी गळा भरल्यासारखा दिसते, ते नॉर्मल असते का?

या वयात थायरॉइडचं काम वाढते, त्यामुळं थोडी सूज काही मुलींत दिसते. पण "होईन बरं आपोआप" म्हणून सोडू नका, एकदा दाखवा. वजन वाढणं, फार थंडी वाजणं, कोरडी कातडी, बद्धकोष्ठ, पाळीची गडबड हे सोबत असेल तर थायरॉइडची रक्ततपासणी लागते. अन् हीच पोरगी उद्या आई होणार आहे, पोटातल्या बाळाला पहिले महिने आईच्याच थायरॉइडचा आधार असतो, म्हणून तिचं मीठ आत्ताच चांगलं पाहिजे.

उपासाला सैंधव चालते का?

एकादशीच्या साबुदाण्याच्या उसळीत चालते. रोजच्या जेवणात नको. सैंधव किंवा काळं मीठ "नैसर्गिक आहे" म्हणून काही घरी कायमचं सुरू केलंय, त्यात आयोडीन टाकलेलं नसते, पाकिटावर तसं लिहून असेल तरच असते.

आपल्याकडं सोयाबीनच सोयाबीन. त्यानं थायरॉइड बिघडते म्हणे.

सोयाबीन, कोबी, फुलकोबी, मुळा यांत आयोडीनच्या कामात आडवे येणारे घटक असतात हे खरं. पण मीठ चांगलं असेल अन् भाजी शिजवून खात असाल तर नेहमीच्या खाण्यानं काही होत नाही. सोयाबीनच्या वड्यांतून लेकराला प्रोटीन मिळते, ते बंद करू नका. फक्त ज्या लेकराला थायरॉइडची गोळी सुरू आहे त्याला गोळी अन् सोयाबीन लगोलग देऊ नका, गोळी घेण्याबद्दल डॉक्टरनं सांगितलं तसंच करा.

मंग मीठ जास्त देऊ का लेकराला?

अजिबात नाही! मीठ तेवढंच, पण आयोडीनचं. जास्त मिठानं पुढं बीपीचा त्रास होतो, अन् पाच-पाच रुपयाच्या पुड्यातला खाऊ खाऊन लेकरं आधीच मीठ जास्त खाऊन राहिली. आयोडीनही अति झालं तर थायरॉइड बिघडते, पण घरच्या जेवणातल्या मिठानं तिथवर कोणी जात नाही. आपल्या मनानं आयोडीनच्या गोळ्या देऊ नका. अन् जखमेला लावायचं आयोडीनचं लाल औषध पाण्यात टाकून पाजणारी एक आई मी पाहिली आहे, हात जोडून सांगते, ते विष आहे, पोटात द्यायचं नाही.

बटाटा-लिंबाचा व्हिडिओ मोबाइलवर येते, तसं तपासलं तर जमते का?

बटाट्याच्या फोडीवर मीठ लावायचं, मिनिटभर थांबायचं, दोन थेंब लिंबू पिळायचं, निळं झालं तर आयोडीन आहे. निळं झालं तर चांगलंच. नाही झालं म्हणून लगेच पाकीट फेकू नका, रंग फिका येऊ शकतो, किटवर तपासून घ्या. किटमध्ये रंगाचा तक्ता असते, जितकं गडद जांभळं तितकं आयोडीन जास्त. चमचाभर मीठ कागदाच्या पुडीत बांधून तुमच्या गावच्या आशाकडं न्या, दोन मिनिटाचं काम आहे.

शाळेच्या खिचडीत कोणतं मीठ असते?

पोषण आहारात आयोडीनयुक्त मीठच वापरायचं असते. खिचडी शिजवणाऱ्या ताईला विचारा, पण भांडायला जाऊ नका, प्रेमानं विचारा. पोतं कुठं ठेवतात तेवढं पहा, ओल्या फरशीवर असेल तर लाकडी पाटावर ठेवायला सांगा.

शाळेत लेकरांना हे शिकवता येते का?

येते. २१ ऑक्टोबर हा आयोडीन कमतरता निवारणाचा जागतिक दिवस असतो, तेव्हा किंवा दिवाळीच्या सुट्ट्यांमुळं पुढं-मागं, आम्ही पाचवी ते सातवीच्या लेकरांना घरून मिठाची पुडी आणायला सांगतो. बाकावर कप मांडतो, एकेक लेकरू येऊन थेंब टाकते अन् जांभळं झालं की सगळा वर्ग ओरडतो. पहिल्या वर्षी पुड्यांवर नावं लिहिली होती. एका पोराचं मीठ पांढरंच राहिलं, मागून कोणी तरी हसलं अन् ते पोट्टं पुडी मुठीत दाबून खाली पाहत उभं राहिलं. त्याच्या घरी बाजारातल्या पोत्याचं मीठ होतं, बाकी काही नाही. आता पुडीवर नुसता हजेरी नंबर लिहायला सांगते, कप मी स्वतः उचलते, अन् ज्याचा रंग आला नाही त्याच्या घरी संध्याकाळी एकटीच जाते.